विश्लेषण : नव्या लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकते… दोष स्क्रीनचा, सॉफ्टवेअरचा की गावच्या विजेचा?

उन्हाळ कांद्याची पट्टी हातात आली की देवळा तालुक्यातील अनेक घरांत वर्षभर लांबणीवर टाकलेली खरेदी होते. मुला-मुलींचे कॉलेज सुरू होण्याच्या तोंडावर या यादीत आता लॅपटॉपही असतो. तो नाशिकच्या दुकानातून येतो किंवा ऑनलाइन मागवला जातो. पण खोका उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्क्रीन लुकलुकू लागली तर? दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, अपडेट करून पाहा. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, तुमच्याकडची लाइट खराब असेल. या टोलवाटोलवीत वस्तू बदलून मिळण्याची मुदत निघून जाते आणि नवा लॅपटॉप पहिल्याच महिन्यात दुरुस्तीच्या रांगेत लागतो. हे टाळण्यासाठी घरच्या घरी काय तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे आणि कायदा ग्राहकाच्या बाजूने काय सांगतो, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी दिली जाणारी नियमित मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये नाही. त्यामुळे विद्यार्थी, सेवा केंद्रचालक, टॅली करणारे आणि छोटे व्यावसायिक यांच्यापैकी अनेकांना नवे यंत्र घ्यावे लागले किंवा लवकरच घ्यावे लागेल.

दुसरे कारण तांत्रिक आहे. पूर्वी लॅपटॉपची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होत असे. आता मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्येही १२० किंवा १४४ हर्ट्झच्या स्क्रीन येतात आणि ओएलईडी पडदेही दिसू लागले आहेत. बॅटरी वाचवण्यासाठी हा वेग आणि प्रकाश यंत्र स्वतःच कमी-जास्त करते. वैशिष्ट्ये वाढली तशा स्क्रीन लुकलुकण्याच्या शक्यताही वाढल्या. त्यातील काही खऱ्या दोषाच्या असतात, काही केवळ सेटिंगच्या.

तिसरे कारण अंतराचे आहे. देवळ्याहून नाशिक ऐंशीएक किलोमीटर. सर्व्हिस सेंटरची एक फेरी म्हणजे एसटीने जाऊन-येऊन पूर्ण दिवस. शहरातील ग्राहक संध्याकाळी सहज चक्कर मारून येतो. उमराणे किंवा लोहोणेरच्या ग्राहकाला प्रत्येक फेरीसाठी दिवस मोडावा लागतो. म्हणून घरीच नेमके निदान करून, पुरावा घेऊन, एकाच फेरीत काम उरकणे त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे.

लुकलुकणे म्हणजे नेमके काय?

ग्राहक ‘स्क्रीन लुकलुकते’ म्हणतो तेव्हा त्यात चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, संपूर्ण स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येणे. दुसरी, प्रकाश सतत थरथरणे, जुन्या ट्यूबलाइटसारखा. तिसरी, आडव्या-उभ्या रेषा किंवा रंगांचे पट्टे उमटणे. चौथी, समोरचे चित्र बदलले की उजेड हळूच कमी-जास्त होणे.

या चारही लक्षणांची कारणे बहुधा वेगवेगळी असतात. रेषा आणि पट्टे दिसत असतील तर संशय आधी स्क्रीनवर किंवा तिला जोडणाऱ्या केबलवर जातो. चित्रानुसार उजेड बदलत असेल तर ते बहुतेक वेळा बॅटरी वाचवणाऱ्या सोयीचे काम असते. पांढऱ्या पानावरून काळ्या पानावर गेले की प्रकाश आपोआप जुळवला जातो. क्षणभर काळे होणे हे ड्रायव्हरचेही असू शकते आणि सैल केबलचेही. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यात दुभाष्याचे काम करणारे सॉफ्टवेअर.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नवा लॅपटॉप पहिल्यांदा इंटरनेटला जोडला की विंडोज मागच्या बाजूला ड्रायव्हर उतरवून बसवू लागते. ग्राफिक्स ड्रायव्हर बसताना स्क्रीन एक-दोनदा काळी होते. पहिल्या दिवशी असे झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. सगळे अपडेट पूर्ण होऊन, यंत्र एकदा बंद करून सुरू केल्यानंतरही लुकलुकणे राहिले, तर मात्र तपासणीला लागावे.

आधी दुरुस्ती की आधी तक्रार?

आधी तक्रार. बहुतेक जण इथेच चुकतात. ऑनलाइन खरेदीत वस्तू बदलून मिळण्याची मुदत अनेक ठिकाणी ७ ते १० दिवसांची असते आणि ती वस्तू हातात पडल्यापासून मोजली जाते. दुकानातून घेतलेल्या लॅपटॉपला तर अनेकदा त्याहून कमी मुदत मिळते. या मुदतीत नोंदलेल्या तक्रारीवर नवे यंत्र मिळू शकते. मुदत उलटली की वॉरंटी लागू राहते, पण वॉरंटीत साधारणपणे दुरुस्ती मिळते. नवे यंत्र मिळेलच असे नाही.

म्हणून लक्षण दिसले त्याच दिवशी तीन कामे करावीत. मोबाइलवर व्हिडीओ घ्यावा. विक्रेत्याकडे ॲपवर किंवा ईमेलने तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर यंत्राचा सिरियल नंबर देऊन वेगळी नोंद करावी. खाली दिलेल्या चाचण्या त्यानंतर कराव्यात. चाचणीत सेटिंगची चूक निघाली तर तक्रार मागे घेता येते. पण मुदत संपल्यावर मागच्या तारखेची तक्रार करता येत नाही.

तक्रारीत मोघम लिहू नये. ‘स्क्रीन बरोबर नाही’ यापेक्षा ‘अमुक तारखेला लॅपटॉप मिळाला, अमुक तारखेपासून स्क्रीन दर काही मिनिटांनी एक-दोन सेकंद काळी होते, चार्जर काढून, फक्त बॅटरीवरही होते, व्हिडीओ जोडला आहे, यंत्र बदलून मिळावे’ अशी नोंद पुढे प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडते.

व्हिडीओ घेताना कोणती काळजी घ्यावी?

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून कोणतीही स्क्रीन पाहिली की तिच्यावर सरकते काळे पट्टे दिसू शकतात. कॅमेरा चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो आणि स्क्रीनचा प्रकाश वेगळ्या लयीत चालू-बंद होत असतो. दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून हे पट्टे येतात. डोळ्यांना काही दिसत नसेल आणि फक्त कॅमेऱ्यात पट्टे दिसत असतील, तर तेवढ्याने दोष सिद्ध होत नाही.

खोलीतल्या दिव्याचाही परिणाम होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. म्हणून शक्यतो दिवसा, खिडकीच्या उजेडात, दिवे बंद करून चित्रण करावे. मोबाइल टेकवून ठेवावा. आधी यंत्राच्या तळाचा सिरियल नंबर दाखवावा, मग न थांबता स्क्रीन. चार्जर लावलेला असताना आणि काढल्यावर, असे दोन्ही दाखवावे. चित्रणात बोलून तारीख सांगावी. सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर लुकलुकणे नेमके थांबते आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो, हा अनेकांचा अनुभव आहे. अशा वेळी हा व्हिडीओच बोलतो.

अर्ध्या तासात निदान कसे करावे?

पुढच्या सहा चाचण्यांना कोणतेही अवजार लागत नाही आणि त्यामुळे वॉरंटीला धक्का लागत नाही.

१. चार्जर काढा. यंत्र फक्त बॅटरीवर दहा मिनिटे चालवा. लुकलुकणे थांबले तर संशय चार्जर, सॉकेट, अर्थिंग किंवा चार्जिंगवेळच्या सेटिंगवर जातो. सुरूच राहिले तर घरच्या विजेचा त्याच्याशी संबंध नाही.

२. झाकण हलवा. स्क्रीन हळूहळू पुढे-मागे करून पाहा. ठरावीक कोनात स्क्रीन काळी होत असेल किंवा रेषा उमटत असतील, तर बिजागरीतून जाणारी केबल सैल किंवा दबलेली असण्याची शक्यता मोठी. स्क्रीनवर बोटाने दाब मात्र देऊ नये. ती फुटली तर वॉरंटी हातची जाते.

३. टास्क मॅनेजर उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. सगळ्या स्क्रीनसोबत टास्क मॅनेजरची खिडकीही लुकलुकत असेल, तर कारण बहुधा डिस्प्ले ड्रायव्हर. बाकी स्क्रीन लुकलुकते पण ही खिडकी स्थिर आहे, तर एखादे न जुळणारे ॲप. मायक्रोसॉफ्टने स्वतः सुचवलेली ही कसोटी आहे.

४. बायोसमध्ये जा. यंत्र सुरू होताना एफ २ किंवा डिलीट, काही कंपन्यांत एफ १० किंवा एफ १ दाबले की बायोसचे पान उघडते. तिथे काहीही न बदलता पाच-दहा मिनिटे फक्त पाहात राहा. या वेळी विंडोज आणि तिचे ड्रायव्हर सुरू झालेले नसतात. इथेही लुकलुकत असेल तर दोष यंत्राचा आहे आणि कितीही अपडेट केले तरी तो जाणार नाही. तक्रारीसाठी हा सर्वांत भक्कम पुरावा. याचा व्हिडीओ अवश्य घ्यावा.

५. टीव्हीला जोडा. घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडा. टीव्हीवर चित्र स्थिर आणि लॅपटॉपवर लुकलुकते, तर दोष स्क्रीनमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा स्क्रीनच्या सेटिंगमध्ये. दोन्हीकडे एकाच वेळी लुकलुकत असेल, तर ग्राफिक्स चिप किंवा ड्रायव्हर.

६. सेफ मोडमध्ये सुरू करा. सेटिंग्जमधील रिकव्हरी पर्यायातून सेफ मोड निवडता येतो. तिथे विंडोज साध्या, मूळ ड्रायव्हरवर चालते. सेफ मोडमध्ये त्रास नाही आणि नेहमीच्या वापरात आहे, म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष. मात्र बिटलॉकर सुरू असेल तर सेफ मोडला जाताना लांबलचक रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती हाताशी असल्याशिवाय ही चाचणी करू नये.

सहापैकी कोणत्या चाचणीत काय दिसले ते कागदावर लिहून ठेवावे. मदत केंद्रावरचा कर्मचारी हेच प्रश्न विचारतो. उत्तरे तयार असली की ‘आधी हे करून बघा, मग फोन करा’ यात जाणारे दोन-तीन दिवस वाचतात.

‘तुमच्याकडची लाइट खराब’ या उत्तरात तथ्य किती?

ग्रामीण भागातील ग्राहकाला हे उत्तर हमखास मिळते. पंप एकदम सुरू झाले की घरातले दिवे मंद होतात, वीज जाते-येते, हे खरे आहे. त्यामुळे ग्राहकालाही ते पटते आणि तो गप्प बसतो. पण लॅपटॉपच्या बाबतीत हे उत्तर तपासून घ्यायला हवे.

लॅपटॉपच्या चार्जरवरचे बारीक अक्षर वाचा. बहुतेक चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते. म्हणजे घरात २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट आले तरी चार्जर आपले काम करतो आणि लॅपटॉपला ठरलेल्या दाबाची डीसी वीज देतो. मध्ये बॅटरी असल्याने वीज गेली तरी यंत्राला झटका बसत नाही. पंखा किंवा दिवा थेट घरच्या विजेवर चालतो, लॅपटॉपची स्क्रीन तशी चालत नाही. त्यामुळे व्होल्टेज थोडे खाली-वर झाले म्हणून स्क्रीन लुकलुकते, हे स्पष्टीकरण सहसा टिकत नाही. चार्जर काढल्यावरही लुकलुकत असेल तर ते अजिबात टिकत नाही.

तरीही विजेशी संबंधित काही खरी कारणे आहेत. पहिले अर्थिंग. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीतून लावला किंवा घरात अर्थिंगच नसेल, तर धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, टचपॅडवरचा बाण उड्या मारतो आणि टीव्हीला जोडल्यावर चित्र थरथरू शकते. हा दोष घरच्या वायरिंगचा आहे. तो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्यावा.

दुसरे कारण चुकीचा चार्जर. टाइप-सी पोर्ट असल्याने मोबाइलचा चार्जर लॅपटॉपला बसतो, पण त्याची ताकद अपुरी पडते. मग यंत्र ‘चार्जिंग सुरू’ आणि ‘चार्जिंग बंद’ यांत हेलकावे खात राहते आणि दर वेळी स्क्रीनचा उजेड बदलतो. सोबत आलेलाच चार्जर लावून पाहावा.

तिसरे कारण सेटिंगचे. काही लॅपटॉप चार्जरवर असताना १४४ हर्ट्झवर आणि बॅटरीवर ६० हर्ट्झवर चालतात. वीज गेली-आली की वेग बदलतो आणि त्या क्षणी स्क्रीन एकदा काळी होते. भारनियमनात किंवा वारंवार खंडित होणाऱ्या पुरवठ्यात हे दिवसातून दहा वेळा घडू शकते. हा बिघाड नाही. वेग कायमचा ६० हर्ट्झवर ठेवला की थांबतो.

सॉफ्टवेअरचा दोष निघाला तर काय करावे?

तो घरीच सुटतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्याने तात्पुरता फरक पडला तर निदान बरोबर आहे असे समजावे. नंतर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल टाकून तिथला ग्राफिक्स ड्रायव्हर घ्यावा. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडून जुन्या आवृत्तीवर जाता येते.

पुढची पायरी बॅटरी वाचवणाऱ्या सोयी बंद करून पाहण्याची. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये चित्रानुसार उजेड बदलण्याचा पर्याय असतो, तो बंद करावा. रिफ्रेश रेट ‘डायनॅमिक’ असेल तर एका आकड्यावर स्थिर करावा. इंटेल ग्राफिक्स असलेल्या यंत्रात ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’ नावाची सोय असते. चित्र स्थिर असताना स्क्रीन आपल्याच स्मृतीतून ते दाखवत राहते आणि ग्राफिक्स चिप विश्रांती घेते. या दोन अवस्थांत ये-जा करताना काही यंत्रांत लुकलुकते. एएमडीच्या यंत्रांत ‘व्हॅरी-ब्राइट’ ही उजेड जुळवणारी सोय असते. एका वेळी एकच पर्याय बदलावा आणि तासभर पाहावे. सगळे एकदम बदलले तर नेमके कारण कळत नाही.

इंटरनेटबाबत एक सूचना. घरी ब्रॉडबँड नसल्याने अनेक जण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतात आणि डेटा वाचवण्यासाठी जोडणी ‘मीटर्ड’ करून ठेवतात. तसे केल्यावर विंडोज अनेक अपडेट आणि ड्रायव्हर उतरवणे थांबवते. यंत्र अर्धवट ड्रायव्हरवर चालत राहते आणि ग्राहकाला वाटते, लॅपटॉपच खराब. एकदा चांगल्या वाय-फायवर बसून सगळे अपडेट पूर्ण करावेत.

बायोस अपडेट मात्र जपून करावे. ते सुरू असताना यंत्र बंद पडले तर लॅपटॉप उठतच नाही. बॅटरी पूर्ण भरलेली, चार्जर लावलेला आणि वीज जाण्याची वेळ नसताना, तेही कंपनीने सांगितले तरच करावे.

दोष नसतानाही डोळे दुखतात, ते का?

काही स्क्रीनचा उजेड कमी करण्याची पद्धतच चालू-बंद करण्याची असते. प्रकाश सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा बंद-चालू होतो. बंद राहण्याचा काळ वाढवला की डोळ्यांना उजेड कमी वाटतो. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. ओएलईडी पडद्यांत आणि काही साध्या एलसीडी पडद्यांत ती वापरली जाते. हा वेग कमी असेल तर थेट लुकलुकणे जाणवले नाही तरी काहींना डोकेदुखी, डोळ्यांवर ताण असा त्रास होतो. एकाच घरात एकाला त्रास होतो आणि दुसऱ्याला काहीच जाणवत नाही, असेही घडते.

उजेड अगदी कमी ठेवल्यावर त्रास वाढतो आणि पूर्ण ठेवल्यावर कमी होतो, अशी खूण असेल तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त. कंपनी याला दोष मानत नाही. त्या मॉडेलच्या सर्व यंत्रांत ते असते. त्यामुळे दुरुस्तीचा आग्रह धरण्यापेक्षा परतीच्या मुदतीत वेगळे मॉडेल घेणे शहाणपणाचे. हेही पहिल्या आठवड्यातच ठरवायला हवे. रोज सहा-आठ तास स्क्रीनसमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याने खरेदीआधी दुकानात त्याच मॉडेलची स्क्रीन कमी उजेडावर पाच-दहा मिनिटे पाहून घ्यावी.

कायदा ग्राहकाला काय देतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात वस्तूच्या दर्जातील कोणतीही उणीव किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यातील तूट ‘दोष’ मानली आहे. सदोष वस्तू परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवस, असा हिशेब कायद्यातच दिला आहे. म्हणून बिलावरचे बारीक अक्षर खरेदीच्या वेळीच वाचावे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का पाहून मागे फिरण्याचे कारण नाही. सदोष मालाबाबतचा हक्क त्या शिक्क्याने जात नाही. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी बिलाशिवाय घेतलेला लॅपटॉप पुढे महागात पडतो.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांनुसार ऑनलाइन मंचावरील विक्रेत्याला सदोष वस्तू परत घेणे किंवा तिचे पैसे देणे नाकारता येत नाही. मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते.

‘ग्राहक’ कोण, हाही प्रश्न येतो. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. पण स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू स्वतः वापरणारा ग्राहकच ठरतो. सेवा केंद्र किंवा डीटीपीचे काम एकट्याने करणाऱ्याला त्यामुळे दाद मागता येते.

तक्रार कुठे आणि कशी करावी?

पहिला टप्पा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. क्रमांक १९१५. मराठीत बोलता येते. व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५ हा क्रमांक आहे. हेल्पलाइन आदेश देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. पैसे लागत नाहीत आणि अनेक वाद याच टप्प्यावर मिटतात.

दुसरा टप्पा लेखी नोटीस. विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही ईमेल आणि स्पीड पोस्टने पाठवावी. बिल, तक्रार क्रमांक, चाचण्यांची नोंद आणि सर्व्हिस सेंटरची जॉब शीट जोडावी. जॉब शीटवर फक्त ‘चेकिंग’ असे न लिहिता ‘स्क्रीन लुकलुकते’ असे लिहून घ्यावे. यंत्र देण्याआधी आपल्या फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवाव्यात.

तिसरा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. म्हणजे जवळजवळ कोणताही लॅपटॉप या सवलतीत बसतो. २०१९ च्या कायद्याने दिलेली सर्वांत मोठी सोय म्हणजे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत असो की गुरुग्राममध्ये, देवळ्याचा ग्राहक नाशिकच्या जिल्हा आयोगाकडेच जाईल. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची तरतूद आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते.

दोष आहे की नाही यावरच वाद असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हेही ग्राहकाने गृहीत धरावे. म्हणूनच पहिल्या आठवड्यात नोंदलेली तक्रार आणि बायोसच्या पानाचा एक व्हिडीओ यांची किंमत नंतरच्या शंभर फोनपेक्षा जास्त आहे.

काय करू नये?

ओळखीच्या मेकॅनिककडून यंत्र उघडून घेऊ नये; वॉरंटी नाकारायला कंपनीला निमित्त मिळते. मूळ खोका, चार्जर आणि स्टिकर महिनाभर तरी टाकून देऊ नयेत. ‘दोन दिवस वापरून बघा, आपोआप जाईल’ हा सल्ला तोंडी ऐकून थांबू नये. तो ईमेलवर मागावा. आणि खोका उघडला त्याच दिवशी, मुलांनी गेम किंवा सिनेमा लावण्याआधी, वरच्या सहा चाचण्यांपैकी निदान पहिल्या चार करून घ्याव्यात. कांद्याची पट्टी देताना आपण वजनकाटा डोळ्यांनी पाहतो. लॅपटॉपची स्क्रीनही तशीच पहिल्या दिवशी पाहून घ्यायला हवी.